जुन्या गाडीचं पावर स्टेअरिंग गळून राहिलं? पंप बदलायच्या आधी हे करून पाहा

आपल्याकडे अजूनही एखाद्याच्या वाड्यात कॉन्टेसा ताडपत्रीखाली झाकलेली दिसते, जुन्या सुमो तर यवतमाळ-आर्णी रस्त्यावर रोज पळतात, आणि नागपूरहून नव्वदच्या दशकातली एखादी सेडान स्वस्तात उचलून आणणारे हौशी पण कमी नाहीत. यातल्या ज्या गाड्यांना हायड्रॉलिक पावर स्टेअरिंग आहे (कॉन्टेसात ते शेवटच्या वर्षांतल्या काही गाड्यांनाच आलं) त्यांचा आजार ठरलेला. खाली लाल तेलाचा डाग, आणि सकाळी गाडी काढताना स्टेअरिंग पिळलं की बोनेटखालून गुंऽऽ असा आवाज. गावातल्या मेकॅनिकचं उत्तर पण ठरलेलं, "पंप गेला भाऊ, नवा टाका." आता कॉन्टेसा बनणं 2002 मध्येच बंद झालं, नवा पंप आणायचा कुठून? मग भंगारातून दुसऱ्या कोणत्या तरी गाडीचा पंप येतो, ब्रॅकेट वेल्डिंग करून बसवला जातो, आणि तो पण दोन महिन्यांत गळतो.

बहुतेक वेळा पंप गेलेलाच नसतो. सील, ओ-रिंग, तांब्याचा वायसर नाही तर पाईप, यापैकीच काहीतरी असते, आणि ते सगळं तालुक्याच्या ठिकाणी भेटते किंवा बनवून भेटते. फक्त आधी गळतं कुठून हे नक्की शोधावं लागते, आणि तिथेच लोक घाई करतात.

सिस्टीम अवघड नाही. बेल्टवर फिरणारा पंप डब्यातून तेल ओढतो, जाड प्रेशर पाईपातून रॅककडे किंवा स्टेअरिंग बॉक्सकडे (चाकं वळवणारी यंत्रणा, गाडीनुसार यापैकी एक असते) पाठवतो, आणि तिथून ते साध्या रबरी रिटर्न पाईपानं परत डब्यात येते. स्टेअरिंग सरळ असताना प्रेशर किरकोळ असते, पण पूर्ण लॉकपर्यंत, म्हणजे एका बाजूला टेकेपर्यंत, पिळून धरलं की ते 70 ते 100 बारपर्यंत चढते. ट्रकच्या टायरात हवा असते 7-8 बार, त्यावरून अंदाज घ्या. म्हणून काही गळत्या गाडी उभी असताना दिसतच नाहीत, लॉक मारला की तेवढ्यापुरत्या दिसतात.

विदर्भात हे जास्त होते त्याला कारण आहे. मे महिन्यात बाहेरच 45 च्या वर, बोनेटखाली तर बोलूच नका, त्या उष्णतेनं रबर कडक होते, त्याला चिरा जातात. वरून या गाड्या चालतात कमी, उभ्या जास्त, त्यामुळे सीलची ओठ, म्हणजे शाफ्टला घासणारी रबरी कड, सुकते. आणि पावसाळ्यात वावराच्या रस्त्याचा काळा चिखल रॅकच्या रबरी बुटांवर चढून सुकला की दगडासारखा होते, स्टेअरिंग फिरवलं की बूट फाटते, माती आत जाते आणि आतलं सील खाऊन टाकते.

आधी शोधा

पहिलं म्हणजे तेल पावर स्टेअरिंगचंच आहे का ते पाहा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा. लाल किंवा जुनं झाल्यामुळे तपकिरी, पातळ तेल असलं तर बहुतेक हेच. काळं आणि चिकट असलं तर इंजिन ऑईल, तो वेगळा विषय. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर त्याचं तेल पण लाल असते, पण आपल्याकडच्या या जुन्या गाड्यांत ती शक्यता कमीच. डब्यातली पातळी पाहून खूण करून ठेवा, ती खाली गेली की शंका मिटली.

आता महत्त्वाची गोष्ट, थेंब जिथे पडला तिथेच गळती आहे असं बिलकुल समजू नका. तेल वरून निघते, पाईपाच्या अंगावरून वाहत येते, क्रॉस मेंबरवर (गाडीखालच्या आडव्या पट्टीवर) जमा होते आणि मग सगळ्यात खालच्या टोकावरून टपकते. वरून रेडिएटरचा पंखा त्याला मागे उडवते. अशानं चांगल्या रॅकला लोक खोलून बसतात, आणि गळत असते वरची क्लिप.

म्हणून धुवायचं. इंजिन थंड असू द्या, अल्टरनेटरला आणि डिस्ट्रिब्युटरला पॉलिथिन बांधा, आणि डिझेल आणि ब्रशनं पंप, डबा, सगळे पाईप, रॅक किंवा बॉक्स घासून काढा. पेट्रोल वापरू नका राजेहो, एक ठिणगी पुरते. नंतर साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडं होऊ द्या, आपल्या उन्हात वेळ लागत नाही. डिझेल बेल्टला लागलं असेल तर तो आधी पुसा, नाहीतर गाडी सुरू केली की बेल्टच किंचाळते आणि तुम्ही भलत्याच आवाजाच्या मागे लागता.

कोरडं झालं की सगळीकडे टाल्कम पावडर मारा, पातळ थर. मग घरचं एखादं पोट्टं गाडीत बसवा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, आणि गाडी सुरू करून त्याला हळूहळू एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत फिरवायला सांगा. लॉकवर पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही हे त्याला आधीच बजावा, "धरून ठेऊ नको बे, टेकला की सोड." जास्त धरलं तर पंपातलं तेल तिथल्या तिथे फिरून भयंकर तापते. तुम्ही टॉर्च घेऊन वरून खाली पाहा, खालून वर नाही. पावडरीवर जिथे सगळ्यात आधी आणि सगळ्यात वर ओला डाग उमटते, तीच जागा. काही सापडलं नाही तर गाडी गावापर्यंत चालवून आणा आणि गरम असतानाच परत पाहा.

आणि एक, प्रेशर पाईपावर हात फिरवून गळती शोधायची नाही. कधीच नाही. बारीक छिद्रातून एवढ्या प्रेशरनं निघालेलं तेल चामडीतून आत घुसते, बाहेरून फक्त सुई टोचल्यासारखं दिसते, दुखत पण नाही फारसं, आणि काही तासांत बोट सुजून आतलं मांस सडायला लागू शकते. असं झालं तर हळद लावत बसू नका, थेट जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जनकडे जा आणि प्रेशरचं तेल आत गेलं हे स्पष्ट सांगा. पाईप तपासायचा तर इंजिन सुरू असताना पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा, तेलाची फवारणी असली तर पुठ्ठा सांगते. पंखा आणि बेल्टपासून दुपट्टा, सदऱ्याची बाही दूर.

सोप्यातून सुरुवात

रिटर्न पाईपाची क्लिप ही सगळ्यात जास्त सापडणारी गळती. तिथे प्रेशर नसते म्हणून कंपनीनं साधी स्प्रिंगची क्लिप दिलेली असते, ती ढिली पडते. नुसतं आवळून भागत नाही, कारण पाईपाचं तोंड कडक होऊन त्याची पकड गेलेली असते. पाईप लांब असेल तर तोंडाचा इंचभर तुकडा कापून परत चढवा, लांब नसेल तर नवा घ्या. दुकानात मागताना "तेलाचा पाईप" असं सांगा, म्हणजे तेल सहन करणारा. रेडिएटरचा पाण्याचा पाईप किंवा मोटारपंपाचा पारदर्शक पाईप लावणारे महाभाग मी पाहिले आहेत, तो तेलानं फुगते आणि गरम झाला की क्लिपखालून निसटते. क्लिप चांगली, पाईपाला न कापणाऱ्या पट्टीची घ्या, आणि जीव खाऊन आवळू नका.

डब्याचं बूड किंवा पंपावरच बसलेला डबा असेल तर त्याखालची ओ-रिंग, ही दुसरी जागा. जुनी ओ-रिंग काढली की ती गोल नसते, चौकोनी चपटी झालेली असते, तिथेच समजून जायचं. जुन्या रिंगचा आतला व्यास आणि जाडी व्हर्नियरनं मोजून बेअरिंगच्या दुकानात जा, ते डबा उघडून ठेवतात, त्यातून निवडायची. खाचेत सिलिकॉन पेस्ट भरायचा मोह होते, भरू नका. तुकडा सुटला की तो तेलाबरोबर फिरून व्हॉल्व्हमध्ये अडकते आणि मग स्टेअरिंग एका बाजूला जड.

प्रेशर पाईप पंपाला बँजो बोल्टनं (ज्याच्या आतून तेल जाते तो पोकळ बोल्ट) जोडलेला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे वायसर असतात. एकदा खोलले की नवेच टाका. नवा तांब्याचा भेटलाच नाही तर जुना गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाका, तांबं मऊ होते, मग बारीक पॉलिश पेपरवर सपाट घासून लावा. फक्त अ‍ॅल्युमिनियमच्या वायसरवर हा प्रयोग नको, ते लाल होण्याच्या आधीच वितळते.

प्रेशर पाईप: जेसीबीच्या होजवाल्याकडे जा

प्रेशर पाईपाची गळती बहुधा रबर आणि लोखंडी नळी जिथे दाबून जोडलेली असते तिथे होते. तिथे क्लिप लावून, एमसील लावून, सुतळी गुंडाळून काहीही होत नाही, ते प्रेशर थांबत नाही.

इथे आपल्या भागाचा एक मोठा फायदा आहे. जिनिंग-प्रेसिंगच्या गाठी बांधणाऱ्या मशीन हायड्रॉलिकवर चालतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि जेसीबी तर गावोगावी, त्यामुळे यवतमाळ, हिंगणघाट, अकोला, वणी अशा ठिकाणी हायड्रॉलिक होज दाबून देणारी दुकानं आहेतच. पुण्या-मुंबईचे लोक जुन्या गाडीचा पाईप शोधत इंटरनेटवर फिरत बसतात, आपलं काम चहा होईपर्यंत होते.

पण जाताना जुना पाईप अख्खा, दोन्ही टोकांसकट घेऊन जा. दुकानदार आधी नटाचे आटे पाहील, कारण जपानी आणि इंग्लिश डिझाईनच्या गाड्यांचे नट वेगळे पडतात, आणि मग विचारेल, "प्रेशर किती राह्यते याले?" तुम्ही सांगायचं, शंभर बारच्या आसपास, तेल गरम होते, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पण टाकतात ते लाल तेल) आहे. साधा एका तारजाळीचा 3/8 इंचाचा हायड्रॉलिक होज 180 बारचा असते, म्हणजे प्रेशरची चिंता नाही. चिंता उष्णतेची. असे होज साधारण 100 डिग्रीपर्यंतच्या तेलासाठी असतात, म्हणून पाईप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून चार बोटं तरी दूर ठेवा, जुना जसा वळवलेला होता तसाच वळवा, आणि मधे पत्र्याची आड लावता आली तर उत्तमच. मूळ लोखंडी नळ्या चांगल्या असतील तर त्या तशाच ठेवून फक्त मधला रबरी भाग बदलून घ्या, तो माणूस जुनी पकड कापून नवी दाबून देते. पीळ पडलेला नाही ना ते लावताना पाहा, होजवर छापलेली रेघ सरळ राहिली पाहिजे. मूळ पाईपात काही वेळा पंपाची धडधड शोषायची सोय असते, ती नव्यात नसल्यामुळे थोडी घरघर वाढली तर घाबरू नका.

नट खोलताना अर्धवट तोंडाच्या पान्यानं झुंजू नका, ब्रेक पाईपाला वापरतात तो कापलेला रिंग पाना घ्या. नटाचे कोपरे गोल झाले की दिवस गेला समजा.

पंपाचं पुढचं सील

पुल्लीच्या मागून तेल येऊन बेल्टच्या ओळीत सगळीकडे शिंतोडे उडालेले असतील तर हे सील गेलं. खोलायच्या आधी बेल्ट ढिला करून पुल्ली हातानं हलवून पाहा. ती वर-खाली खडखडली तर बेअरिंग किंवा बुश पण गेलंय, मग नुसतं सील टाकून पैसे पाण्यात, कारण हलणारा शाफ्ट नवं सील पण खाते.

रिटर्न पाईप काढून तेल वेगळ्या भांड्यात उतरवून घ्या, सुटलेल्या तोंडांना स्वच्छ प्लास्टिक बांधा (चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत राहतात), आणि पंप काढून घ्या. पुल्ली नटवर असेल तर सोपं. प्रेस फिट असेल तर पुलरच लागते. हातोडीनं शाफ्टवर ठोकाल तर आतली सगळी मांडणी जाईल, त्यापेक्षा पंप घेऊन लेथवाल्याकडे जा.

सील काढताना पेचकस शाफ्टला घासून कोंबू नका. सीलच्या पत्र्यात बारीक छिद्र पाडून त्यात स्क्रू अर्धा बसवा आणि पकडीनं सरळ बाहेर ओढा. काही पंपांत सीलसमोर सर्क्लिप (अडकवायची स्प्रिंगची कडी) असते, ती आधी. निघालेल्या सीलवर आकडे असतात, समजा 25-40-7, म्हणजे शाफ्ट 25 मिमी, बाहेरचा व्यास 40 आणि जाडी 7. आकडे पुसले असतील तर मोजा. आता दुकानदार त्याच मापाचं साधं ऑईल सील हातात देईल, पण पावर स्टेअरिंगचं सील प्रेशरचं असते, ओठ आखूड आणि जाड. साधं सील काही दिवस टिकते आणि उलटते. पावर स्टेअरिंगचंच हवं असं म्हणून मागा, नसेल तर नागपूरहून मागवून घेतील, थांबा.

शाफ्टवर जुन्या सीलनं जिथे घासलं तिथे बोटाचं नख फिरवा. नख अडकत नसेल तर बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरनं तेल लावून गोल-गोल चमकवा, लांबीच्या दिशेनं कधीच नाही, नाहीतर त्याच ओरखड्यातून तेल बाहेर येईल. नख अडकत असेल तर लेथवाला शाफ्टवर काम करू शकतो, नाहीतर जागा असेल तर सील एखादा मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवा म्हणजे ओठ नव्या जागेवर घासेल. नव्या सीलला तेच एटीएफ लावा, स्प्रिंगची बाजू तेलाकडे, आणि त्याच मापाच्या सॉकेटनं सगळीकडून सारखं दाबत बसवा. शाफ्टला खाच असेल तर त्यावर आधी पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळून सील सरकवा, नंतर प्लास्टिक ओढून घ्या.

पंप मागून उघडलाच तर आतल्या रिंगवर मार्करनं खूण करा, आणि पात्यांची गोल कड बाहेरच्या बाजूला ठेवा. हे उलट झालं की पंप जोर धरत नाही.

रॅक आणि बॉक्सबद्दल थोडक्यात. रॅकचा बूट दाबून पाहिला आणि आत तेल डुचमळलं तर टोकाचं सील गेलं. हे काम झाडाखाली करू नका, रॅक काढून जाणकाराकडे द्या, फक्त टाय रॉडचे आटे मोजून काढा आणि नंतर अलाइनमेंट करा. ज्या गाडीला बॉक्स आहे तिच्यात खालच्या ड्रॉप आर्मच्या शाफ्टचं सील बदलता येते, पण आर्म काढायच्या आधी त्याच्या आणि शाफ्टच्या अंगावर छिन्नीनं एक सरळ खूण मारा, एक दात जरी चुकला तरी स्टेअरिंग वाकडं बसते. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही. आपल्या काळ्या मातीच्या अंगणात तर जॅक बोलता बोलता खाली बसते, खाली फरशी किंवा जाड पाटी टाका आणि घोड्या (जॅक स्टँड) लावा.

तेल आणि हवा काढणं

डब्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच तेल. या काळातल्या बऱ्याच गाड्यांना डेक्सरॉन जातीचं लाल एटीएफ चालते. ब्रेक ऑईल एक झाकणभर पण टाकू नका, त्यानं आतले सगळे रबर फुगतात आणि मग एका सीलच्या जागी सगळी सीलं बदलायची पाळी येते. बाजारात सील फुगवून गळती थांबवणारी बाटली भेटते, ती अगदी किरकोळ झिरपण्यावर काही दिवस चालते, गाडी विकायची असेल तर लोक टाकतात. पाईप फुटला किंवा शाफ्ट झिजला तर तिचा काही उपयोग नाही.

भरायची पद्धत अशी. पुढची दोन्ही चाकं उचला, इंजिन बंदच. डबा खुणेपर्यंत भरा, आणि स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा, पंधरा-वीस वेळा, मधे-मधे तेल टाकत राहा, डबा रिकामा होऊ देऊ नका. बुडबुडे यायचे थांबले की इंजिन सुरू करून आयडलवर तेच करा. लोक थेट इंजिन सुरू करतात, मग हवा आणि तेल घुसळून दुधासारखा फेस होते आणि पंप कोल्हेकुई करते. असा फेस झालाच तर गाडी बंद करून चहा प्या, तासभर बसू द्या, फेस जिरते. फेस वारंवार येत असेल तर डब्यातून पंपाकडे जाणारा पाईप तपासा, तिथून तेल बाहेर येत नाही पण हवा आत ओढली जाते, आणि पावडरीवर काहीच दिसत नाही.

तेल उडालेला बेल्ट पुसून चालत नाही, फुगलेला किंवा चकचकीत झालेला असेल तर बदलाच. जुनं तेल धुऱ्यावर किंवा नालीत ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये द्या. आठवडाभर गाडी चालली की क्लिपा आणि बेल्टचा ताण एकदा परत पाहा, नवं रबर थोडं बसते, अर्धा आटा आवळावा लागते, आणि डब्यातली पातळी गाडी गरम असताना गरमच्या खुणेवर पाहायची, थंडच्या नाही.